उताऱ्यावर विश्वस्तांचे नाव, पण शाळा कोणाची?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असलेल्या खानापूर तालुक्यातील एका विनाअनुदानित मराठी शाळेच्या विश्वस्त मंडळावर मी गेली काही वर्षे काम करीत आहे. या काळात पालकांनी, शिक्षकांनी आणि मंडळावर नव्याने आलेल्या विश्वस्तांनीही मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: शाळा नेमकी कोणाची? जागेच्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावे लागलेली असतात, बँकेत त्यांच्या सह्या चालतात, शिक्षकांच्या नेमणुकीची पत्रे त्यांच्याच सहीने निघतात. हे सर्व पाहून तेच मालक आहेत असे कोणालाही वाटेल, आणि दुर्दैवाने काही विश्वस्तांनाही तसे वाटू लागते.

याचे उत्तर आपल्या गावातच सापडते. लग्नकार्यासाठी लागणारी गावकीची मोठी पातेली, पराती आणि समया अनेक गावांत कोणा एकाच्या घरी ठेवलेल्या असतात. कुलूप त्याचे, किल्ली त्याची, भांडे घासून परत आले की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. मात्र ती पातेली तो विकू शकत नाही, स्वतःच्या हॉटेलात वापरू शकत नाही आणि भांडण आहे म्हणून एखाद्या घराला नाकारूही शकत नाही. कायद्याच्या भाषेत विश्वस्त व्यवस्था म्हणतात ती हीच. मालमत्ता एकाच्या नावावर असते आणि हित दुसऱ्याचे असते. शाळेच्या बाबतीत तो दुसरा म्हणजे आज वर्गात बसलेली मुले आणि पुढे येणारी मुले, ज्यांना आज मत मांडता येत नाही.

आपल्या भागात खासगी शाळा चालवणाऱ्या संस्था साधारणपणे दोन रूपांत दिसतात. काही संस्था विश्वस्तपत्र, म्हणजे ट्रस्ट डीड, करून स्थापन झालेल्या असतात, तर काही सोसायटी म्हणून नोंदवलेल्या असतात आणि त्यांना सभासद, आमसभा व निवडून आलेली कार्यकारिणी असते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जुन्या संस्थांच्या कपाटात 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणीचे कागद आजही सापडतात, तर नंतरच्या सोसायट्यांची नोंदणी कर्नाटकाच्या 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली झालेली असते. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदवली आहे हे प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक असलेच पाहिजे, कारण निवडणूक कशी घ्यायची, बदल कोणाला कळवायचा आणि हिशेब कोठे सादर करायचा हे त्यावरच ठरते. कर्तव्याचे मूळ मात्र दोन्हीकडे एकच आहे, म्हणून या लेखात मी विश्वस्त हा शब्द दोघांसाठीही वापरत आहे.

येथे एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. सरकारी शाळेत एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्येने असतात. शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीची सक्तीची तरतूद विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. तेथे पालकांचा आवाज मंडळापर्यंत पोहोचवण्याची वाट कायद्याने आपोआप तयार होत नसून ती मंडळानेच तयार करावी लागते. पालक आणि निर्णय यांच्यामध्ये दुसरी कोणतीही समिती उभी नसल्यामुळे विनाअनुदानित शाळेच्या विश्वस्तावरील भार उलट वाढतो, असे माझे मत आहे.

विश्वस्ताने किती काळजी घ्यायची, याचे माप 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्यात दिलेले आहे. तो कायदा खासगी विश्वस्त व्यवस्थांसाठी आहे आणि सार्वजनिक धर्मादाय संस्थांना जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि त्यातील तत्त्वांचा आधार न्यायालये घेतात. सामान्य समंजस माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल, तेवढी विश्वस्ताने सोपवलेल्या मालमत्तेची घ्यावी, हे पहिले तत्त्व. विश्वस्तपदातून स्वतःचा लाभ करून घेऊ नये, हे दुसरे. एकाहून अधिक विश्वस्त असतील तर, विश्वस्तपत्रात वेगळे म्हटलेले नसल्यास, सर्वांनी मिळून काम करावे, हे तिसरे. आपले कर्तव्य सहजासहजी दुसऱ्यावर सोपवू नये, हे चौथे. आपल्याकडे सर्वाधिक मोडले जाते ते तिसरे तत्त्व. "अध्यक्षांनी सांगितले आहे" एवढ्या शब्दांवर खरेदी होते, भरती होते, भिंत पाडली जाते; पण अध्यक्ष एकटा म्हणजे मंडळ नव्हे. गणपूर्ती, म्हणजे सभासदांची ठरलेली किमान उपस्थिती, असलेल्या सभेत झालेला ठराव हाच मंडळाचा आवाज असतो.

म्हणूनच एखाद्या शाळेचा कारभार कसा आहे हे मला जाणून घ्यायचे असेल तेव्हा मी इमारत नंतर पाहतो आणि इतिवृत्ताची वही, जिला सर्वजण प्रोसिडिंग बुक म्हणतात, ती आधी मागतो. आमच्या शाळेची जुनी वही जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची आहे आणि खानापूरच्या पावसाने तिच्या खालच्या कोपऱ्यांना बुरशी धरली आहे. तिच्यात एका पानावर एवढाच ठराव आहे: "शाळेसाठी बस खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली." किंमत नाही, किती कोटेशने आली ते नाही, पैसे कोठून येणार ते नाही, चालकाचा पगार कोण देणार याचा उल्लेख नाही. पुढे चार पानांनंतर बसच्या हप्त्यासाठी मुलांची फी वाढवल्याचा ठराव येतो आणि तोही एका ओळीचा आहे. या दोन ओळींच्या मध्ये जे प्रश्न विचारायचे राहून गेले, ते विचारणे हेच विश्वस्ताचे काम होते. ठराव दोन ओळींचा असला तरी चालेल, परंतु त्याआधीची चर्चा, समोर ठेवलेले आकडे आणि कोणाचा विरोध असल्यास तो विरोध नोंदलेला असावा; कारण दहा वर्षांनी प्रश्न निर्माण झाला तर त्या दिवशी सद्बुद्धीने निर्णय घेतला गेला होता हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही.

प्रश्न विचारणे आणि हस्तक्षेप करणे यांतील सीमा मात्र सांभाळली पाहिजे. शाळा कोणत्या दिशेला जाणार, मुख्याध्यापक कोण असणार, अंदाजपत्रक किती असणार, फी किती असणार, कोणते धोके पत्करायचे आणि कोणते नाहीत, हे मंडळाने ठरवायचे. सातवीच्या वर्गाला गणित कोणी शिकवायचे, वेळापत्रक कसे लावायचे, कोणत्या मुलाला कोणत्या तुकडीत बसवायचे, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचे. एखादा विश्वस्त दररोज सकाळी शाळेच्या फाटकात उभा राहून उशिरा येणाऱ्या शिक्षकांची नावे टिपू लागला की तो फार काम करतो असे गावाला वाटते. प्रत्यक्षात त्या दिवसापासून मुख्याध्यापिकेचा शब्द शाळेत चालेनासा होतो आणि शिक्षक आपली गाऱ्हाणी थेट विश्वस्ताच्या घरी नेऊ लागतात. मुख्याध्यापिकेवर विश्वास नसेल तर तसे सभेत मांडावे, कारणे लिहावीत आणि निर्णय घ्यावा. विश्वास असेल तर तिला तिचे काम करू द्यावे. शिक्षकाला काढून टाकणेही एखाद्याच्या मर्जीवर अवलंबून नसते. 1995 मध्ये अमलात आलेल्या कर्नाटक शिक्षण कायद्याप्रमाणे रीतसर चौकशी केल्याशिवाय बडतर्फी करता येत नाही, आणि अन्याय झाल्यास शिक्षकाला शैक्षणिक अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

आता पैशाकडे वळतो, कारण गावात बहुतेक संशय येथूनच जन्म घेतो. विनाअनुदानित शाळेला शिल्लक राहू द्यावी की नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 31 ऑक्टोबर 2002 रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठान विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात याचे उत्तर दिले आहे, आणि तो खटला आपल्याच राज्यातून गेलेला आहे. शिक्षणाचा व्यापार करता येणार नाही आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेश देण्यासाठी उकळलेली जादा रक्कम, घेता येणार नाही. मात्र संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, असा त्या निकालाचा आशय आहे. 2004 मध्ये दिल्लीतील शाळांच्या फीसंबंधीच्या मॉडर्न स्कूल खटल्यात न्यायालयाने फीची शिल्लक संस्थाचालकांच्या दुसऱ्या सोसायटीकडे वळवण्यासही आळा घातला. प्राप्तिकराची सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टावर खर्च करावी लागते, आणि इमारतीसारख्या ठरावीक कारणासाठी पैसे साठवायचे असतील तर ते कारण लेखी कळवून पाच वर्षांच्या मुदतीत वापरावे लागतात. म्हणजेच शिल्लक असणे हा दोष नाही. ती कोणासाठी राखली आहे आणि कोठे जाते, हे विचारले पाहिजे.

नातेसंबंधातील व्यवहारांविषयी मला सर्वाधिक कळकळ आहे, कारण मी ते जवळून पाहिले आहेत. पूर्वी मी ज्या एका संस्थेशी संबंधित होतो, तेथे गणवेशाचे काम वर्षानुवर्षे एका विश्वस्ताच्या मेहुण्याच्या दुकानाकडे जात होते. कापड वाईट नव्हते आणि दरही फार चढे नव्हते. तरीही एकाही वर्षी दुसऱ्या दुकानाचे कोटेशन मागवले गेले नाही, आणि तो विश्वस्त त्या ठरावाच्या वेळी सभेत बसून मत देत होता. एका आईने फीची पावती आणि गणवेशाचे बिल शेजारी ठेवून प्रश्न विचारला, तेव्हा मंडळापाशी दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. चोरी झाली नव्हती, परंतु झाली नाही हे सिद्ध करण्याची सोयही कोणी ठेवली नव्हती. अशा वेळी करावयाचे काम सोपे आहे: ज्याचा संबंध आहे त्याने तो आधी सांगावा, चर्चेच्या वेळी बाहेर जावे, बाकीच्यांनी किमान तीन दर मागवून निर्णय घ्यावा आणि हे सर्व वहीत लिहावे.

स्वतःच्या कमाईचा प्रश्न शिक्षणसंस्थांना नवा नाही. पुण्यात 1884 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की करू नये यावरून मतभेद विकोपाला गेले आणि 1890 मध्ये लोकमान्य टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले. इतकी मोठी माणसेही या एका मुद्द्यावर एकत्र राहू शकली नाहीत, यावरून हा विषय आरंभीच लिहून ठरवणे किती गरजेचे आहे हे लक्षात यावे.

जो खर्च दिसत नाही तोही विश्वस्तानेच पाहायचा असतो, आणि त्यातील सर्वांत दुर्लक्षित खर्च म्हणजे ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी संपताना द्यावी लागणारी एकरकमी रक्कम. ग्रॅच्युइटी कायद्यातील 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासूनच्या परिणामासह ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब असा आहे: शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. 18,000 रुपये पगारावर 22 वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्या बाईंना सुमारे 2 लाख 28 हजार रुपये द्यावे लागतात. एकाच वर्षी तीन शिक्षक निवृत्त झाले आणि मंडळाने त्यासाठी काहीच बाजूला ठेवलेले नसेल, तर शाळेची सर्व शिल्लक एका महिन्यात संपते. ज्यांनी आयुष्य दिले त्यांना हक्काच्या पैशांसाठी खेटे घालायला लावणे हा मोठा अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा वाईट हेतूने होत नसून वीस वर्षे कोणी हिशेबच न मांडल्याने होतो.

सीमाभागातील मराठी शाळांच्या विश्वस्तांपुढील सर्वांत कठीण प्रश्न माध्यमाचा आहे. पटसंख्या घटते, शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारापर्यंत येते, पालक मुले काढून नेतात, आणि एखाद्या सभेत कोणीतरी म्हणतो की आपणही इंग्रजी माध्यम करू या. मराठीवर प्रेम असणारे संतापतात, शाळा टिकावी असे वाटणारे आकडे दाखवतात, आणि चर्चा भावनेवर जाते. अशा वेळी विश्वस्ताने सर्वप्रथम विश्वस्तपत्र उघडून त्यातील उद्दिष्टाचे कलम मोठ्याने वाचावे. त्यात "शिक्षणाचा प्रसार करणे" एवढेच लिहिले असेल तर मंडळाला निर्णयाची बरीच मोकळीक आहे. त्यात "मराठी माध्यमातून शिक्षण देणे" असे लिहिले असेल आणि त्याच शब्दांवर विसंबून कोणी जमीन दिली असेल, गवंड्यांनी मजुरी सोडली असेल, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांनी देणगी पाठवली असेल, तर पाच-सात विश्वस्तांच्या ठरावाने ते उद्दिष्ट पुसता येत नाही. सार्वजनिक धर्मादाय विश्वस्त व्यवस्थेचे मूळ उद्दिष्ट पार पाडणे अशक्य झाले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 प्रमाणे न्यायालयाकडे जाऊन मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा मार्ग ठरवून घ्यावा लागतो. सोसायटी असेल तर तिच्या घटनेतील दुरुस्तीची रीत, आमसभा आणि निबंधकांकडील नोंद यांतून जावे लागते. पट कमी झाला म्हणजे उद्दिष्ट अशक्य झाले असे होत नाही, ते फक्त अवघड झालेले असते, आणि अवघड काम करण्यासाठीच मंडळ नेमलेले असते. म्हणून मी आधी वेगळे प्रश्न विचारतो: आपले इंग्रजी विषयाचे शिक्षक खरोखर चांगले आहेत का? कन्नड नीट शिकवले जाते का? बसची सोय आहे का? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? अनेकदा पालक मराठीला कंटाळून जात नाहीत, या गोष्टींना कंटाळून जातात.

या ठिकाणी देशाच्या राज्यघटनेने दिलेले संरक्षणही समजून घेतले पाहिजे. अनुच्छेद 30 प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या पातळीवर ठरवायचे असे टी. एम. ए. पै निकालाने स्पष्ट केल्यामुळे कर्नाटकातील मराठी भाषकांना तो हक्क मिळतो. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयी करण्याची अपेक्षा राज्यांकडून करतो. मात्र केरळ शिक्षण विधेयकासंबंधी 1958 मध्ये मत देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. माझ्या मते हे वाक्य आपल्या भागातील प्रत्येक मराठी संस्थेने कार्यालयात लावावे, कारण हिशेबाविषयी विचारणा झाली की ती मराठीवरील आघात असल्याचे सांगून टाळणे आपल्याकडे घडते, आणि त्यातून शाळेपेक्षा मराठीचेच अधिक नुकसान होते.

भाषेचा आणखी एक व्यावहारिक पैलू आहे. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून येणारी परिपत्रके आणि मान्यता नूतनीकरणाचे नमुने कन्नडमध्ये असतात. आमच्या आधीच्या पिढीतील अनेक विश्वस्त कन्नड बोलू शकत, पण वाचू शकत नसत, आणि लिपिक बोट ठेवील तेथे सही करीत. ज्या कागदावर सही आहे त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. मला वाचता येत नव्हते हा बचाव फार दूर जात नाही. आता आम्ही प्रत्येक महत्त्वाचा कागद सभेत मराठीत सांगून घेतो, त्याचा सारांश इतिवृत्तात लिहितो आणि मगच सही करतो. याला वेळ लागतो, पण मागील वर्षी एका हमीपत्रातील वर्गखोल्यांची चुकलेली संख्या याच रीतीमुळे सापडली.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत विश्वस्ताला "ते मुख्याध्यापक पाहतात" असे म्हणता येत नाही. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत 94 मुले मृत्युमुखी पडली आणि 2014 मध्ये न्यायालयाने शाळेच्या संस्थापकाला दोषी ठरवले. आग विझवण्याची साधने, बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग, कौलारू छताचे वासे, बसची योग्यता तपासणी, या गोष्टी वर्षातून एकदा तरी विश्वस्तांनी स्वतः पायी फिरून पाहाव्यात. त्याहून नाजूक विषय लैंगिक अत्याचाराचा आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि हाताखालील कर्मचाऱ्याच्या गुन्ह्याची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण गावात बसून मिटवणे हा पर्याय विश्वस्तापुढे नाही आणि नसावाही.

एखाद्या शाळेचा कारभार बिघडला आहे असे पालकांना वाटत असेल तर त्यांच्या हातातही काही साधने आहेत. प्रथम मंडळाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. संस्था सोसायटी असेल तर तिच्या कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षित हिशेब निबंधकांकडे सादर झालेले असतात व निबंधकांना चौकशीचा अधिकार असतो. विनाअनुदानित संस्थेला माहिती अधिकार सहसा थेट लागू होत नसला, तरी तिने शासकीय कार्यालयांत दिलेली किंवा त्या कार्यालयांना तिच्याकडून मागवता येणारी माहिती त्या कार्यालयांकडे अर्ज करून मागता येते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेत हितसंबंध असणाऱ्या दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने कलम 92 खाली दावा दाखल करून हिशेब मागू शकतात आणि विश्वस्ताला दूर करण्याची मागणीही करू शकतात. त्या मार्गाला वेळ आणि पैसा लागतो. त्यामुळे पत्राची पोच, फीच्या पावत्या आणि मंडळाची उत्तरे पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावीत.